वाऱ्याला वाट

वारा सुटला की आमच्या कॉलेजच्या इनडोअर हॉलचं मागचं दार आपोआप उघडतं, हे मला पहिल्यांदा सिक्युरिटीच्या तय्यबने सांगितलं. मी म्हटलं, सिगरेट ओढायला दार तू उघडतोस आणि नाव वाऱ्याचं घेतोस होय रे? तो बिचारा कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, "मॅडम, कसम से, मैंने खुद बंद किया था." शपथा घेणाऱ्या माणसांवर माझा जरा कमीच विश्वास. त्याने दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी ओरडले. तिसऱ्यांदा मात्र मी स्वतः उठून बघायला गेले.

मी ब्रिजिट तुस्कानो, मूळची वसईची, या कॉलेजची फॅसिलिटीज मॅनेजर. म्हणजे नळ गळला, एसी बंद पडला, लिफ्टमध्ये कोणी अडकलं, की सगळ्यांना आधी मी आठवते. सगळं नीट चालू असलं की माझं नावसुद्धा कोणाला आठवत नाही. राग माझ्या नाकावर असतो असं माझा नवरा निकोलस म्हणतो. तो हॉटेलात कामाला आहे, लोकांशी दिवसभर हसून बोलायचा त्याला पगार मिळतो. मला तसा मिळत नाही. आम्ही शारजातल्या अल नहदाला राहतो आणि आमची एकुलती एक मुलगी ॲमंडा माझ्याच कॉलेजात शिकते. सकाळी दोघी एकाच गाडीने येतो, आणि गेटच्या आत शिरल्यावर ती मला ओळख दाखवत नाही.

कॉलेज अजमानच्या पार टोकाला आहे, टॉवर संपून वाळू सुरू होते तिथे. हॉल मुख्य इमारतीला एका पॅसेजने जोडलेला. एरवी तिथे बॅडमिंटन चालतं, परीक्षा आल्या की नेट काढून खुर्च्या मांडतात. एवढा मोठा हॉल, पण मध्ये एकही खांब नाही. वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर. पुढची बाजू काचेची, समुद्राकडे तोंड करून, म्हणजे इथला नेहमीचा शमाल वारा जिकडून येतो तिकडेच. मागचं दार बरोबर उलट्या अंगाला, वाळवंटाकडे. बाहेर उघडणाऱ्या दोन जड लोखंडी फळ्या, आतून आडवी दांडी ढकलली की उघडतात. आग लागली तर पळायचं दार ते. त्याला साखळी किंवा टाळं लावायची सोय नाही.

मी गेले तेव्हा भर दुपार होती आणि शमाल रंगात आला होता. पार्किंगमधल्या खजुरांच्या झावळ्या सगळ्या एकाच बाजूला वळल्या होत्या. हॉलमध्ये कोणी नव्हतं. मागचं दार सताड उघडं, दोन्ही फळ्या बाहेर सरळ, काटकोनात. मी त्या ओढून लावल्या, तय्यबच्या नावाने बोटं मोडली आणि ऑफिसात येऊन चहा मागवला. चहाचा पहिला घोट घेताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाऱ्यात उघडं राहिलेलं दार आपटतं. आपटून आपटून बिजागरं खिळखिळी करतं. त्या फळ्या हलतसुद्धा नव्हत्या, कोणीतरी बाहेरून धरून उभं असल्यासारख्या. उरलेला चहा मी प्यायलेच नाही.

लॅच बदलून घेतलं. दार उघडायचं थांबलं नाही. कॅमेऱ्यात पाहिलं तर दांडी हळूच आत दबताना दिसते, मग फळ्या सरकतात. दांडी दाबणारं कोणी दिसत नाही. दारवाल्या कंपनीचा माणूस म्हणाला, इमारतीच्या मागच्या अंगाला वारा ओढ घेतो, त्या ओढीने दार बाहेर खेचलं जातं, अगदी सिंपल. मी म्हटलं, ओढीने फळी खेचली जाईल, पण दांडी आत कशी दबेल? त्यावर त्याने घड्याळात पाहिलं आणि दुसरी मीटिंग आहे म्हणून निघून गेला.

राहिला मोईन परकार, आमचा सेफ्टी ऑफिसर. श्रीवर्धनच्या बाजूचा, समुद्राला लागून असलेल्या गावातला. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे एकमेकांची गाऱ्हाणी आम्हाला मोकळेपणाने सांगता येतात. गाऱ्हाणी अर्थात मी सांगते, तो ऐकतो. शांत माणूस, कामाला वाघ. वादळात कॉलेजच्या इमारतींचं काय करायचं याचा सगळा प्लॅन त्यानेच लिहिलेला. तो पास करून घ्यायला त्याने व्यवस्थापनाच्या मागे लागून लागून त्यांना वात आणला होता. थंडी सुरू होताना तो मला हॉलच्या छपरावर घेऊन गेला. तिथे पडलेल्या जुन्या टाइल्स, रंगाचे डबे, एसीची सुटी झाकणं, कोणे एके काळची डिश अँटेना, सगळं त्याने खाली उतरवून घेतलं होतं.

"मॅडम, लोकांना वाटतं वारा छपराला खाली दाबतो. उलट आहे. वारा वरून पळतो आणि छपराला वर ओढतो. सगळ्यात जास्त कुठे, तर कडेला आणि कोपऱ्यात. म्हणून इथले स्क्रू मी डबल करून घेतले."

"म्हणजे आता छप्पर सेफ?"

"छप्पर दारावर डिपेंड असतं. एक जरी दार वाऱ्याच्या तोंडावर उघडं राहिलं, की वारा आत भरतो. मग वरून ओढ आणि खालून धक्का. खलास. म्हणून रूल एकच, सगळं बंद. ऑरेंज ॲलर्ट आला की हॉल रिकामा करायचा, पोरांना मेन बिल्डिंगच्या आतल्या कॉरिडॉरमध्ये बसवायचं. तिथे काच नाही, डोक्यावर असलं लांब छप्पर नाही. आणि हॉल रिकामा करायची ऑर्डर सेफ्टी ऑफिसरची. डीननेसुद्धा मध्ये बोलायचं नाही, असं लिहूनच घेतलंय."

"शाब्बास. मग मागच्या दाराचं काय, मोईनभाई?"

त्याने वाळवंटाकडे पाहिलं. "बघतो मी," म्हणाला. पण त्याने काही पाहिलं नाही. वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी पकडणारं भारी लॅच मी शोधून काढलं, तर त्याच्या मंजुरीचा कागद मोईनच्या टेबलावर पडून राहिला. एवढा काटेकोर माणूस, स्क्रू मोजणारा, आणि या एका दाराचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. मला संशय आला. दार हाच उघडतो, कशाने तरी, कुठून तरी. मला त्याचा खूप राग आला, कारण त्या हॉलमध्ये माझी मुलगी परीक्षेला बसते आणि ते त्याला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत पुन्हा शमाल सुटला तेव्हा मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये जाऊन बसले. एकटी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मागच्या दाराकडे तोंड करून. काय तो सोक्षमोक्ष लावायचाच होता.

आधी छप्पर ऐकू यायला लागलं. पत्रा जरासा वर जायचा आणि परत बसायचा, वर जायचा आणि परत बसायचा. धाप लागलेलं माणूस शेजारच्या खोलीत निजलेलं असावं तसा तो आवाज होता. त्याच्याबरोबर सीलिंगच्या टाइल्स आपापल्या चौकटीत टकटक करायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू वरून कोणी अनवाणी चाललंय. मी मोठ्याने म्हटलं, "वारा आहे, ब्रिजिट." माझाच आवाज मला परका वाटला.

मग वास आला. नारळाच्या करवंट्या चुलीत जळतात त्याचा. मी वसईची आहे, तो वास मला कोणी शिकवायला नको. वाळवंटाच्या कडेला, एसीच्या हॉलमध्ये, तो येण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दांडी दबली. घाईने नाही, धक्क्याने नाही. म्हातारं माणूस जपून दार उघडतं तशी. फळ्या सरकल्या, बाहेरचा पिवळा उजेड आत आला आणि फळ्या काटकोनात जाऊन थांबल्या. त्याच क्षणी छप्पर गप्प झालं. धाप थांबली, टकटक थांबली. बाहेर वारा तसाच किंचाळत होता आणि आत मात्र कोणीतरी "झालं आता" म्हणून सुस्कारा सोडावा अशी शांतता पसरली.

घाबरले म्हणायला मला लाज वाटत नाही, मी घाबरले होते. तरी उठले, दारातून बाहेर गेले, आणि लांब कुंपणापाशी मला मोईन दिसला. दोन्ही हात खिशात घालून तो दाराकडे बघत उभा होता. मी वाळू तुडवत तरातरा त्याच्याकडे गेले.

"काय नाटक चाललंय हे? कसं उघडता तुम्ही ते?"

"मी उघडत नाही, मॅडम," तो म्हणाला. "पण बंदही करत नाही."

"म्हणजे काय?"

"आमच्या गावाला वादळ आलं ना, की घरातले म्हातारे आधी बघतात वारा कुठल्या बाजूचा आहे. मग त्याच्या उलटं दार उघडून ठेवतात. आत शिरलेल्या वाऱ्याला वाट मिळते. छप्पर उचलत नाही. तुम्ही आत होतात. छप्पर शांत झालं की नाही?"

झालं होतं, त्यामुळे मी आणखीच चिडले. "तुमच्या प्लॅनमध्ये नेमकं उलटं लिहिलंय."

"प्लॅन मी लिहिला. माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"मग दुसऱ्यांच्या पोरांना कशाला तो पाठ करायला लावता?"

वाऱ्याने आमचे चेहरे वाळूने माखले होते. मला तेव्हाच वरिष्ठांकडे जायला हवं होतं. पण तिथे जाऊन सांगणार काय? करवंट्यांचा वास येतो म्हणून?

एप्रिलच्या शेवटी परीक्षा होती. सकाळी गाडीतच मोबाईल वाजला, वादळी वाऱ्याचा पिवळा इशारा. ॲमंडाने नोट्समधून मान वर केली नाही. "ममा, इट्स जस्ट विंड. यू वरी लाइक इट्स युवर जॉब."

"इट इज माय जॉब," मी म्हटलं.

दहाच्या सुमारास पिवळ्याचा ऑरेंज झाला. शमाल समोरून काचेवर वाळू फेकत होता. मी परीक्षा विभागाच्या डॉक्टर एमानना फोन केला. त्या लाडीगोडीने म्हणाल्या, "ब्रिजिट, हबीबती, हाफ ॲन अवर मोर. इन्शाल्ला नथिंग विल हॅपन. सेफ्टी ऑफिसरने काही सांगितलेलं नाही मला." म्हणून मी पळत हॉलकडे गेले. दोनशेच्या आसपास मुलं खाली मान घालून लिहीत होती. ॲमंडा शेवटच्या रांगेत, मागच्या दारापासून हाताच्या अंतरावर. आणि मागचं दार उघडं होतं. सुपरव्हायझरांना वाटलं असेल, हवा खेळती राहावी म्हणून कोणी उघडलंय. मोईन दाराशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"मोईनभाई, ऑरेंज आलाय. हॉल रिकामा करायची ऑर्डर द्या."

"मॅडम, दार उघडलंय. आता काळजी नाही. पोरांचा पेपर होऊ दे."

मी त्याला बाहीला धरून दाराबाहेर आणलं. हॉलच्या आडोशाला वारा नव्हता. "माझी मुलगी आहे आत," मी म्हटलं. "तुमच्या गावच्या म्हाताऱ्यांच्या भरवशावर मी तिला सोडणार नाही. ऑर्डर द्या, नाहीतर मी फायर अलार्म वाजवते."

"गावचे म्हातारे नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "अम्मी आहे ती."

तो माझ्याकडे न बघता सांगत गेला.

"निसर्ग वादळ आलं ते साल कोविडचं. विमानं बंद. मी शारजात, अम्मी गावात एकटी. सकाळी फोन लागला. ती म्हणाली, मागचं दार उघडं ठेवते, तुझे अब्बा ठेवायचे. मी नुकता सेफ्टीचा डिप्लोमा केलेला. मी म्हटलं, अम्मी, येडेपणा करू नको, सगळं लाव आणि आत बस. ती म्हणाली, तू शिकलेला आहेस बाबा, तू सांगतोस तर लावते." त्याने ओठ चावला. "छप्पर उचललं आणि तिच्यावरच बसलं. परत फोन लागायला पुढचा आठवडा उजाडला. मागच्या दाराला आतून कडी होती. ती तिथेच होती, दाराशी. लोक म्हणतात, उघडायला गेली असेल. मला तसं वाटत नाही. मी लाव म्हटलं होतं, म्हणून ती राखण करत बसली होती."

"ते छप्पर तसंही गेलं असतं, मोईनभाई. तेवढं मोठं वादळ होतं."

"असेल. पण आता ती माझं ऐकत नाही, स्वतःच्या मनाने उघडते. मी कसं लावू ते दार? कुठल्या तोंडाने लावू?"

मला त्याची दया आली आणि तरीही मी त्याला सोडणार नव्हते. मी परत तोंड उघडलं आणि माझ्याच आवाजाने दचकले, कारण तो एकदम मोठा ऐकू आला. वारा पडला होता. कुंपणाला चिकटलेली एक प्लॅस्टिकची पिशवी सुटून खाली आली. कुठेच काही हलत नव्हतं. कबुतरं नाहीत, ट्रकचा आवाज नाही. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली.

पूर्वेला डोंगरांच्या बाजूला आकाश नव्हतं. जमिनीपासून वरपर्यंत तपकिरी काळपट भिंत होती आणि ती आमच्याकडे येत होती. आवाज न करता येत होती, याचीच जास्त भीती वाटली. विजेच्या तारांचे खांब एकेक करून तिच्यात शिरत होते.

मोईन दोन पावलं मागे सरला. "वारा फिरला," तो म्हणाला. "मागून येतोय. दारातून येणार." आणि मग तो आत धावला, मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, तसा ओरडला. "एव्हरीबडी आउट! पेपर सोडा! पॅसेजने मेन बिल्डिंगमध्ये, यल्ला, चला, यल्ला!"

मुलं उठली. खुर्च्या कोलमडल्या, कोणी बॅग शोधायला लागलं, कोणी रडायला. दोनशे माणसं एका पॅसेजने जायची म्हणजे वेळ लागतोच, आणि शेवटची रांग शेवटी. आम्ही दोघं उंबऱ्यावर उभे राहून एकेका फळीची दांडी धरून आत ओढायला लागलो. फळी हलेना. वारा अजून पोचलासुद्धा नव्हता, तिला अडवणारं काही नव्हतं, आणि ती जागची हलत नव्हती. मी पाय उंबऱ्याला लावून लोंबकळले. लोखंड माझ्या हातात कोमट लागलं, दुसऱ्या कोणी आताच धरून ठेवल्यासारखं. करवंट्यांचा वास नाकात भरला.

मग ती भिंत पोचली. उजेड गेला. वारा दारातून हॉलमध्ये शिरला तो सरळ वर गेला, सीलिंगच्या टाइल्स आतून फुटून उडाल्या. मी वर पाहिलं. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फट पडली होती, तपकिरी उजेडाची लांब फट, ती मिटायची आणि पुन्हा जास्त रुंद उघडायची. कैच्या कण्हत होत्या. ॲमंडा हॉलच्या मधोमध होती, एका पडलेल्या मुलीला उठवत होती. तिच्या पायाशी टाइल येऊन फुटली. मी तिच्या नावाने हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही.

मोईनने दांडी सोडली. तो उंबऱ्यावर सरळ उभा राहिला, वाळूत डोळे उघडे ठेवून, आणि दोन फळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेशी बोलला. ओरडला नाही. घरात बोलतात तसं बोलला, आणि मी हाताच्या अंतरावर होते म्हणून मला ऐकू आलं.

"अम्मी. वारा फिरला गं. आता दार लाव."

काही झालं नाही. वर फट पुन्हा उघडली.

"ऐक माझं. एकदा ऐक. पोरं आहेत आत. लाव."

माझ्या हातातली फळी हलली. मी ओढली नव्हती. ती आपण होऊन फिरली, मला आत ढकलत आली, दुसरी फळी तिच्याबरोबर, आणि दोन्ही एकमेकींना भेटल्या. दांडी खट्टकन बसली. बाहेरून वारा दारावर धडकला आणि दार हललं नाही. वर पत्रा दाणकन खाली बसला, फट मिटली. मी ॲमंडाला गाठलं, त्या मुलीला दोघींनी बखोटीला धरलं, मोईन मागून बाकीच्यांना हाकत आला आणि आम्ही सगळे पॅसेजमध्ये शिरलो. शेवटी मोईनने पॅसेजचं दार लावून घेतलं.

कॉरिडॉरमध्ये मुलं भिंतीला टेकून दाटीवाटीने बसली होती. डॉक्टर एमान हजेरी घेत होत्या. सगळी होती. मी ॲमंडाला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "ममा, आय कान्ट ब्रीद," पण तिनेही मला सोडलं नाही. इतक्या मुलांच्या देखत. मी रडले. रडायचंच होतं मला.

तेवढ्यात हॉलच्या बाजूने आवाज आला. जाड कापड टरकावं तसा सुरू झाला आणि थांबेचना. मागच्या बाजूचा कोपरा गेला, हे मला न बघता कळलं. मोईन पॅसेजच्या दाराशी उभा होता. तो आवाज थांबला तसा तो वळला आणि दार उघडायला लागला. मी जाऊन त्याला मागून कवेत धरलं. बाईमाणूस, ऑफिस, काही बघितलं नाही. ॲमंडाने त्याचा हात धरला.

"सोडा मला," तो म्हणाला. "ती आत आहे."

"मोईनभाई, कोणी नाही आत. सगळी मुलं मोजली."

"मी लाव म्हटलं, तिने लावलं. तिने आतून लावलं, मॅडम. दांडी आत आहे." त्याने मोकळ्या हाताने दार चाचपलं. "परत माझंच ऐकलं तिने. परत ऐकलं."

मी त्याला खोटं आहे म्हणणार होते. दांडी आपोआप बसते, लॅच नवं आहे, वाऱ्याने फळी लोटली गेली. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ती फळी माझ्या हातात होती आणि वारा आत येण्याआधी ती कोणी धरली होती हे माझ्या तळहातांना माहीत होतं. मी त्याला धरून खाली बसवलं. ॲमंडा त्याच्या शेजारी बसली आणि तिने आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "ड्रिंक, अंकल," ती म्हणाली. तो ती बाटली धरून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी आकाश निळंभोर होतं. कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली, इंजिनियरने खालूनच वर बघून आत जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मागच्या अंगाचा, दाराच्या वरचा कोपरा उघडा पडला होता आणि पत्रा दुमडून पार्किंगमध्ये पडला होता. जिथे शेवटच्या रांगा होत्या तिथे एक कैची आडवी झाली होती. वरून वाळू येऊन सगळ्या हॉलभर पसरली होती. खुर्च्यांवर, उत्तरपत्रिकांवर, बॅडमिंटनच्या रेषांवर, बोटभर जाड, आणि कुठेही पायाचा ठसा नाही.

मोईन माझ्या पुढे चालत मागच्या दारापर्यंत गेला आणि थांबला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. दार बंद होतं, दांडी बसलेली. दाराच्या आतल्या बाजूला, फळीला लागून, माणूस उकिडवं बसेल एवढ्या जागेवर वाळूचा कण नव्हता. लादी नुकतीच पुसल्यासारखी चकचकीत होती. वर तर छप्पर नव्हतं. सगळ्यात जास्त वाळू तिथेच पडायला हवी होती.

मोईनने बूट काढले. तो त्या स्वच्छ जागेच्या शेजारी, वाळूत, पाय दुमडून बसला, तिला धक्का लागणार नाही असं अंतर ठेवून. थोड्या वेळाने त्याने मान दाराच्या बाजूला कलती केली.

मागून कॉन्ट्रॅक्टरचा माणूस झाडू आणि फावडी घेऊन आला. तो त्या कोपऱ्याकडे निघाला तशी मी त्याला आडवी गेले. "यल्ला, सामने से शुरू करो. ये बाद में."

"बाद में मतलब कब, मॅडम?"

"वो मैं बताऊंगी," मी म्हटलं, आणि त्याला घेऊन पुढच्या काचेकडे गेले.